ताई गाडीत राहायला जाते आहे. जाऊ द्या, पण आधी चार गोष्टी विचारा

मी इथं सहसा दांडिया बाजार, वाडी, रावपुरा इथल्या जुन्या घरांच्या आठवणी लिहिते. आज एका नव्या घराबद्दल लिहायचं आहे, आणि ते घर चाकांवर आहे.

माझी आतेबहीण, आम्हा सगळ्यांची ताई, आपल्या सयाजीराव विद्यापीठात शिकून ऐंशीच्या दशकात अमेरिकेला गेली. यजमान जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा दुसऱ्या राज्यात. पुढच्या वर्षी तिला 65 पूर्ण होतील, आणि तेव्हा न्यू जर्सीचं घर विकून कायमचं आरव्हीत राहायचं असं तिच्या मनात आहे. आरव्ही म्हणजे झोपायला पलंग, छोटी शेगडी, संडास-बाथरूम सगळं आत असलेली गाडी. तिकडे निवृत्त झालेले पुष्कळ लोक असे राहतात. थंडीत दक्षिणेला, उन्हाळ्यात उत्तरेला.

आमच्या घरच्या ग्रुपवर धमाल उडाली. "एकटी बाई?" "मुलगा सांभाळत नाही का?" "लोक काय म्हणतील?" काकांनी तर लिहिलं, "बडोद्याला ये ने, इथं काय कमी आहे?"

माझं मत वेगळं आहे. आमच्या वाड्यात मागच्या चौकाला लागून एक खोली होती. नवरा गेलेल्या आज्या, आत्या तिथं राहायच्या. दोन वेळचं जेवण, तुळस, जपमाळ. कोणी त्यांना वाईट वागवलं नाही, पण ती खोली त्यांनी निवडलेली नव्हती. ताई आपली खोली स्वतः निवडते आहे, मग ती चाकांवर का असेना. त्याला आपण अडवू नये.

पण "वा, काय डेरिंग!" म्हणून अंगठा दाखवणाऱ्यांचंही मला पटत नाही. 'नोमॅडलँड' सिनेमाला 2021 मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हापासून हे आयुष्य पुष्कळांना सूर्यास्ताच्या फोटोसारखं वाटतं. ती गोष्ट मुळात मंदीत काम आणि घर गेलेल्या वयस्क माणसांची आहे. त्यातले कित्येक हौसेनं नाही, परवडत नाही म्हणून गाडीत राहतात. ताईला निवड करता येते आहे, ती नीट करायला अजून वर्षभर हातात आहे.

आपल्याकडे पूर्वी माणूस काशीला निघायचा तो निरवानिरव करून. वाटण्या, देणीघेणी, कुलदेवतेचं कोण करणार, सगळं सांगून. परत आला तर आनंदच, नाही आला तर मागं घोळ नको. ताईनं तशीच निरवानिरव करून निघावं. ग्रुपवर "का जातेस" विचारण्यापेक्षा हे चार प्रश्न विचारा.

पहिला, पत्ता कुठला? घर विकलं की पत्ता जातो, आणि लायसन्स, बँक, मतदान, टॅक्स, विमा सगळं पत्त्यावर चालतं. गाडीत राहणारे बहुतेक लोक साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडाचा पत्ता करतात. तिथं राज्याचा आयकर नाही, आणि टपाल सांभाळून पुढं पाठवणाऱ्या सेवा आहेत. हे घर विकायच्या आधी ठरवायचं, नंतर नाही.

दुसरा, आजारी पडलीस तर? 65 व्या वर्षी तिकडे मेडिकेअर लागू होतं. त्याचे दोन रस्ते आहेत. मूळ मेडिकेअर देशभर बहुतेक डॉक्टरांकडे चालतं. 'ॲडव्हांटेज' योजनांचा हप्ता कमी दिसतो, पण नेहमीच्या उपचाराला त्या बहुधा आपल्या भागातल्या डॉक्टरांपुरत्या असतात. फिरत्या माणसाला ते कसं चालेल? मूळ मेडिकेअर घेतलं तर वरचा खर्च भरायला मेडिगॅप विमा लागतो. 65 पूर्ण झाल्यावर मेडिकेअरचा 'पार्ट बी' सुरू झाला की 6 महिने विमा कंपनी तब्येतीच्या कारणानं नाही म्हणू शकत नाही. नंतर बहुतेक राज्यांत म्हणू शकते. ताईचे ते 6 महिने पुढच्याच वर्षी आहेत. एकटीला शुद्ध नसेल तेव्हा निर्णय कोणी घ्यायचा, याचं वैद्यकीय मुखत्यारपत्रही करून ठेवावं. आणि रोज सकाळी एका ठरलेल्या माणसाला एक मेसेज. आला नाही तर काय करायचं, तेही ठरलेलं.

तिसरा, पैसा आणि अंग, दोन्ही किती पुरतील? घराची किंमत वाढते, गाडीची दरवर्षी उतरते. जुनी गाडी काही पार्कवाले आतही घेत नाहीत. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयानं जातं, बदलावंच लागतं. पाण्याचा, विजेचा जोड रोज आपणच लावायचा, मैल्याची टाकी आपणच रिकामी करायची. सरकारी मोकळ्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी फुकट राहता येतं, पण साधारण 14 दिवस, मग हलायचं. कंबर धरली म्हणून पंधरावा दिवस मिळत नाही. म्हणून माझं म्हणणं, आधी अशी गाडी महिनाभर भाड्यानं घे. ओढायची मोठी ट्रेलर नको, एकटीला मागं घेता येईल अशी छोटी व्हॅन बघ. आणि घराच्या पैशातला एक भाग असा बाजूला ठेव, की उद्या परत चार भिंतींत यावं लागलं तर हात पसरावा लागू नये.

चौथा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. थांबणार कधी, आणि कुठं? एक दिवस डोळे, गुडघे नाही म्हणतील. जोडीदार असता तर म्हणाला असता, "आता पुरे, चावी दे." एकटीला हे कोण सांगणार? तो माणूस ताईनं आजच नेमावा आणि त्याचं ऐकायचं कबूल करावं. टेक्सासमध्ये लिव्हिंग्स्टनला एस्केपीज या 1978 पासूनच्या आरव्हीवाल्यांच्या क्लबनं प्रवास थांबलेल्यांसाठी सोय केली. कल्पना अशी, की आपल्याच गाडीत राहायचं, पण जेवण आणि डॉक्टरकडे नेणं-आणणं मिळावं. अशा जागा ताईनं आत्ता, हातपाय चालताहेत तोवर बघून याव्यात. आणि काकांचं "बडोद्याला ये" हा पर्याय खरा असेल तर त्याचाही हिशेब हवा. मेडिकेअर भारतात खर्च देत नाही. इथल्या खोलीचं, दवाखान्याचं, सोबतीचं कोण बघणार, हे काकांनी लिहून द्यावं. नुसतं प्रेमानं बोलावून भागत नाही.

हे ठरवलं म्हणजे मजा कमी झाली असं नाही. ज्याला थांबायची जागा माहीत आहे तो वाटेत निवांत असतो. जिनं ठरवलं नाही, तिचं शेवटी दुसरेच ठरवतात, आणि मग परत ती मागच्या चौकातली खोली.

तुमच्या घरात कोणी असं एकट्यानं राहायचं ठरवलं आहे का? तिकडे मेडिकेअरचे कागद ज्यांनी स्वतः भरले आहेत त्यांनी खाली जरूर लिहा. ताई हे पान वाचते.