विलगीकरणाचा खर्च कोणी सोसायचा? बंदर आणि विमानतळांवरील आरोग्य नियमांचा प्रश्न

आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियमांतील सुधारणा १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाल्या. ‘महामारी आणीबाणी’ हा नवा, अधिक गंभीर इशारा त्यात आला. समता आणि एकजूट ही तत्त्वेही विनियमांत समाविष्ट झाली. जवळपास त्याच काळात आपल्याकडे १९३४ चा विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला आणि १९०८ च्या बंदर कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली. मात्र बाहेरून आलेल्या प्रवाशाला केव्हा आणि किती दिवस थांबवायचे, याची चौकट १९५४ चे विमान (सार्वजनिक आरोग्य) नियम आणि १९५५ चे बंदर आरोग्य नियम यांनी घालून दिलेली आहे. मूळ कायदे बदलले आहेत, तेव्हा हे नियमही नव्याने तपासायला हवेत. आखातात मजुरी करणारे, जहाजांवर राबणारे कोकण-गोव्याचे खलाशी, परदेशी रुग्णालयांतील परिचारिका या साऱ्यांशी त्यांचा थेट संबंध आहे.

नियम चालतात कसे ते आधी पाहू. जहाज बंदरात येण्यापूर्वी कप्तान जहाजावरील आजारांची माहिती आरोग्य घोषणापत्रात देतो. बंदर आरोग्य अधिकाऱ्याने मोकळीक दिली की माणसे आणि माल उतरतो. ही मोकळीक मागताना जहाज पिवळे निशाण चढवते. विमानात कोणी आजारी असेल तर वैमानिक उतरण्यापूर्वीच विमानतळाला कळवतो.

चांगला नियम कसा असतो, हे पीतज्वराच्या उदाहरणावरून कळते. हा रोग भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या घराघरांत आहे. म्हणून पीतज्वराच्या देशातून आलेल्या आणि वैध लस प्रमाणपत्र नसलेल्या प्रवाशाला जास्तीत जास्त सहा दिवस वेगळे ठेवतात. रोगाचा अधिशयन काळ सहा दिवसांचा मानला जातो, म्हणून मर्यादाही सहा दिवसांची. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. कारण स्पष्ट, मुदत ठरलेली आणि सुटकेचा मार्ग आधीच माहीत. असा नियम जाचक वाटत नाही.

संकट मोठे झाले की मात्र नियमाचा भार कोणावर पडतो, ते २०२० साली दिसले. फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज अडवले गेले. जहाजावर ३,७११ माणसे होती आणि त्यांतल्या ७०० हून अधिक जणांना लागण झाली. प्रवाशांना खोल्यांत राहण्यास सांगितले गेले, पण त्यांचे जेवण बनवणारे आणि दारोदार पोहोचवणारे कर्मचारी कामावरच राहिले आणि दाटीवाटीच्या खोल्यांत एकत्र झोपले. जहाजावरील १३८ भारतीयांपैकी १३२ जण कर्मचारी होते. एकाच जहाजावर विलगीकरण काहींच्या वाट्याला आले, काहींच्या वाट्याला फक्त काम आले.

एप्रिलमध्ये ‘मारेला डिस्कव्हरी’ जहाजावरील भारतीय कर्मचाऱ्यांना मुंबईत उतरू दिले गेले, पण त्याआधी आपल्याच किनाऱ्यासमोर त्यांना दिवसेंदिवस ताटकळावे लागले. वर्षाच्या अखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवरच अडकले होते, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता.

२४ मे २०२० च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार परदेशातून येणाऱ्यांनी सात दिवस स्वखर्चाने संस्थात्मक विलगीकरणात आणि पुढचे सात दिवस घरी राहायचे होते. गर्भवती, गंभीर आजारी, घरात मृत्यू झालेले आणि दहा वर्षांखालील मुलांचे पालक यांना सवलत होती. नोकरी गेलेल्या मजुरासाठी वेगळी सवलत त्या यादीत नव्हती.

आंतरराष्ट्रीय विनियमांचे कलम ४० याबाबत काय म्हणते? वास्तव्याची परवानगी मागणाऱ्यांचा अपवाद सोडला, तर प्रवाशाच्या विलगीकरणाचे शुल्क सरकारने आकारू नये. मायदेशी परतणारा नागरिक या अपवादात बसतो, असे आम्हाला वाटत नाही. त्या काळात सरकारी यंत्रणेवर मोठा ताण होता आणि हॉटेलांच्या खोल्या घ्याव्या लागल्या, हे खरे. पण खोली कोणाची आणि बिल कोणाचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विलगीकरण समाजाच्या रक्षणासाठी असेल, तर त्याचा खर्चही समाजाने म्हणजे सरकारी तिजोरीने उचलायला हवा.

या देशात माणसाला वेगळे ठेवणे ही साधी गोष्ट नाही. १८९७ च्या साथरोग कायद्याच्या आधारे प्लेगच्या काळात झालेली घरांची झडती आणि सक्तीची हलवाहलव महाराष्ट्र विसरलेला नाही. तात्पुरता दुरावा आणि पिढीजात बहिष्कार यांतला फरक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथात स्पष्ट केला आहे. विलगीकरण हे पहिल्या प्रकारातच राहायला हवे. ते रोगापुरते आणि मुदतीपुरते असावे. विनियमांचे कलम ३ माणसाची प्रतिष्ठा आणि मानवाधिकार यांचा पूर्ण आदर राखायला सांगते, त्याचा व्यवहारातला अर्थ हाच आहे.

म्हणून नव्या नियमांत पाच गोष्टी स्पष्ट शब्दांत याव्यात, अशी आमची मागणी आहे. एक, सक्तीचे विलगीकरण विनाशुल्क असावे. दोन, त्याची मुदत त्या रोगाच्या अधिशयन काळाशी बांधलेली असावी. तीन, थांबवण्याचे कारण प्रवाशाला त्याच्या भाषेत लेखी मिळावे आणि दाद मागण्याची सोय असावी. चार, जहाज व विमानातील कर्मचाऱ्यांना प्रवाशांइतकेच संरक्षण मिळावे आणि त्या दिवसांचे वेतन कापले जाऊ नये. पाच, आपल्या नागरिकाला आपल्या बंदरात उतरण्याचा मार्ग कोणत्याही साथीत पूर्ण बंद होऊ नये.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. नियम मात्र आज, शांततेच्या काळातच लिहावे लागतात. आपले खासदार, कामगार संघटना आणि खलाशांच्या संघटनांनी हा विषय आत्ताच हाती घ्यावा. साथ आल्यावर मागण्या करायला वेळ नसतो. तेव्हा जे लिहिलेले असते, तेच लागू होते.