आत बसून एक चहा

आमच्या महाविद्यालयाच्या फाटकासमोर एक हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे टिनाचे छप्पर, चार बाकडी, काळवंडलेली भट्टी आणि भिंतीवर गजानन महाराजांचा फोटो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला तरी तिथे उकळता चहा खपतोच! सकाळी 'देशोन्नती' येतो आणि त्याची पाने सुटी होतात. एकाकडे अग्रलेख, दुसऱ्याकडे क्रिकेट, तर कापसाच्या भावाचे पान बाजाराला आलेल्या एखाद्या शेतकऱ्याकडे. एका कटावर तासभर बसले तरी मालक 'ऊठ' म्हणत नाहीत. खेड्यातून आलेला, वर्गात तोंड न उघडणारा मुलगा इथे महिन्याभरात प्राध्यापकांशी वाद घालू लागतो, हे मी पाहिले आहे.

पाहिले आहे ते बाहेरून. कारण मुली आत बसत नाहीत.

बसू नका, असे कोणी म्हटलेले नाही. आम्ही कडुनिंबाखाली उभ्या राहतो आणि मालक स्वतः गिलास आणून देतात. सर मंडळी आत दिसतात. मॅडम कधी दिसल्या नाहीत. जुन्या काळी शहरांतल्या हॉटेलांत बायकांसाठी पडद्याआड 'फॅमिली रूम' असे. म्हणजे चहा मिळे, गप्पा मिळत नसत. आमच्या कडुनिंबाला पडदा नाही, एवढाच फरक.

राज्यशास्त्राच्या तासाला घटनेचे १५ वे कलम शिकताना मी दचकले. एवढ्या मोठ्या ग्रंथात चक्क हॉटेलाचा उल्लेख आहे! धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात मज्जाव करता येणार नाही. जात आणि लिंग एकाच वाक्यात, शेजारी शेजारी. पुढे १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने हॉटेलातील भांडी वापरण्याचा हक्कही संरक्षिला. माझ्या आजोबांचा कप मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षे गावच्या हॉटेलाबाहेर खिळ्याला टांगलेला असे. चहा वरून ओतला जाई. पिऊन झाल्यावर कप त्यांनीच धुवायचा. त्यांनाही 'आत येऊ नको' असे रोज कोणी सांगत नसे. सांगावे लागतच नसे.

दोन्ही गोष्टी सारख्या आहेत, असे मी म्हणत नाही. आजोबांचा अपमान होत होता. आमचा तर मानच ठेवला जातो. पण बाहेर उभे राहण्याची सवय कशी लागते, हे मला त्या कपावरून कळले.

माझ्या मैत्रिणी म्हणतात, मुलींसाठी आता नवे कॅफे आहेत की! आहेत. तिथल्या एका कॉफीच्या पैशांत आमचा आठवड्याचा चहा होतो, हे सोडून देऊ. खरी गोष्ट अशी की तिथे आपण ज्यांच्याबरोबर जातो त्यांच्याशीच बोलून परत येतो. या बाकड्यावर शेजारी कोण येऊन बसेल ते आपल्या हाती नसते. मुले तिथे जे शिकतात ते त्यामुळेच. काही मुलांचे म्हणणे, मुली आल्या तर मोकळेपणा जाईल. मित्रहो, आमच्यासमोर बोलता येत नाही असे तुम्ही बोलता तरी काय?

मागच्या आठवड्यात आम्ही तिघी आत जाऊन बसलो. क्षणभर सगळे गप्प झाले. मालकांनी बाकडे पुसले, 'पंखा लावू का वं माय?' असे विचारले आणि चहाही चांगला दाट दिला. पेपरची पाने मात्र फिरताना आमच्या बाकड्याला वळसा घालून जात होती. शेवटी मीच हात पुढे केला आणि समोरच्या धोतरवाल्या बाबांना म्हटले, "बाबाजी, ते कापसाच्या भावाचं पान द्या ना इकडे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिले, पान दिले आणि विचारले, "किती क्विंटल पडला हाये वं घरी?"

"आठ," मी म्हटले.