आधी कुणाचा हंडा?

मे महिन्यातली गोष्ट. लग्नाहून परत येत होतो. गाडीत मी, बायको, आत्या आणि चुलतभाऊ. भोकरदनच्या वरच्या अंगाला, जिथे अजिंठ्याच्या डोंगराच्या सोंडा दिसायला लागतात, तिथे रस्त्याकडेला एक झरा आहे. झरा म्हणजे काय, तर दरडीच्या खडकातून येणारी सुतळीएवढी धार. कुणीतरी तिला पत्र्याची पन्हळ लावून दिलीय. "हितलं पाणी लय गोड," हे आत्याचं लहानपणापासूनचं मत, आणि आत्याचं मत म्हणजे आमच्या घरात कायदा. त्यामुळे डिकीत वीस-वीस लिटरचे चार रिकामे कॅन आधीच तयार होते!

तिथे पाच-सहा बायका बसल्या होत्या. समोर कळशा, हंडे, एक प्लॅस्टिकची घागर. आम्ही कॅन घेऊन उतरलो तशी एक म्हातारी उठली, पन्हळीखालचा स्वतःचा अर्धा भरलेला हंडा बाजूला घेतला आणि म्हणाली, "भरून घ्या बाबा, तुम्हाला लांब जायचंय. आमचं काय, आमी हितलेच."

आणि आम्ही भरून घेतलं. चारही कॅन.

मला सवय आहे घड्याळ बघायची. एक कॅन भरायला दहा मिनिटं. म्हणजे चाळीस मिनिटं आम्ही ती धार अडवून बसलो. बायको त्या बायकांशी लग्नाच्या गप्पा मारत होती, आत्या ओंजळीने पाणी पिऊन "अमृत" म्हणत होती, भाऊ मोबाईलवर फोटो काढत होता. ऊन मी म्हणत होतं. कुणी एक शब्द बोललं नाही.

घरी आल्यावर दोन कॅन प्यायलो. एक पाहुण्यांना वाटला. चौथा आठवडाभर तसाच पडला, मग "शिळं झालं" म्हणून मीच तो कूलरमध्ये ओतला. ओतताना ती म्हातारी आठवली. तेव्हापासून हे लिहायचं होतं.

साधं गणित करून बघा. दहा मिनिटांत वीस लिटर, म्हणजे दिवसरात्र एक थेंब वाया न घालवता २,८८० लिटर. जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झालं, त्यात माणशी रोज ५५ लिटरचं माप धरलंय. त्या मापाने हा झरा जेमतेम ५२ माणसांचा. तोही रात्रभर कुणी जागून भरत बसलं तर. आमच्या 'अमृता'चे ८० लिटर म्हणजे दीड माणसाचा अख्खा दिवस. आणि त्यातला पाव हिस्सा माझ्या कूलरला!

हे पाणी येतं कुठून? आपला मराठवाडा बसाल्टचा, लाव्हाचे थर एकावर एक. काही थर भेगाळलेले, सच्छिद्र, तर काही घट्ट. पाऊस वरच्या भेगांतून मुरतो, खालच्या घट्ट खडकावर अडतो आणि आडवा सरकत जातो. उतारावर किंवा कापलेल्या दरडीत त्या थराचं तोंड उघडं पडलं की तिथे झरतो. म्हणजे झरा ही काही तळ नसलेली विहीर नव्हे. वरच्या टेकडीने पावसाळ्यात जे साठवलं तेच ती वर्षभर थोडं थोडं देत असते. वर झाडं तोडली, चार खोल बोअर घेतले, की खाली धार बारीक होते. कोण कुणाचं पाणी पितोय ते दिसत नाही इतकंच.

बोअरवरून आठवलं. साठच्या दशकात जालन्याच्या मिशनमध्ये एक दणकट हापसा तयार झाला, 'जालना पंप' म्हणून. त्यात सुधारणा होत सोलापूर पंप आला आणि सत्तरच्या दशकात 'इंडिया मार्क टू', जो पुढे देशभर आणि देशाबाहेरही गेला. खेडोपाडी झऱ्यावरच्या रांगा मोडल्या त्या अशा हापशांनी. मग शेताशेतात त्याहून खोल बोअर झाले, पाणी खाली गेलं आणि कितीतरी हापसे नुसते हवा ओढायला लागले. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने टँकरमागे पळणारी माणसं पाहिली. नळ दारात आला तरी विहिरीत पाणी नसेल तर तो काय देणार? मे महिन्यात रांग पुन्हा त्या पन्हळीपाशीच येते.

भावाला हे बोललो तर म्हणाला, "अरे, रस्त्याकडेचं पाणी आहे, सगळ्यांचंच ना?" बरोबर आहे, सगळ्यांचंच. पण हे वाक्य आपल्याला फुकट मिळालेलं नाही. सार्वजनिक पाण्यावर सगळ्यांचा हक्क आहे हे सांगायला बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसं घेऊन जावं लागलं. ज्यांना पाणी नाकारलं जात होतं, त्यांच्यासाठी होतं ते. ज्याच्या डिकीत कॅन जास्त त्याने आधी भरावं यासाठी नव्हे.

आणि म्हातारीने आपणहून जागा दिली, हेही खरं. पण वाटसरूला पाणी देणं हा तिचा धर्म. वाटसरूने तांब्याभर पिऊन वाट धरावी, हा आपला. तिने तिचा पाळला. आपण तिच्या पाहुणचाराची वसुली केली.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. तिथे थांबा, ओंजळभर प्या. श्रावणात, धार जोरात असताना आणि रांग नसताना, हवा तर एखादा कॅनही भरा. (पावसाळ्यात उकळून प्या बरं का, गोड लागणारं पाणी स्वच्छ असतंच असं नाही.) पण होळी झाल्यापासून मृग बरसेपर्यंत ज्याच्या घरी नळाला पाणी येतं, त्याने तिथे कॅन लावू नये. कुणी "भरून घ्या" म्हटलं तरी.

आत्या हे वाचणार आणि तिचा फोन येणार, हे नक्की. आत्या, पाणी गोडच आहे गं. म्हणूनच तर!