निदानाची भाषा

'निदान' या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत. वैद्यकात तो रोगाची ओळख दर्शवितो. 'माधवनिदान' या संस्कृत ग्रंथाच्या नावात तो त्याच अर्थाने येतो. नित्याच्या बोलण्यात मात्र 'निदान' म्हणजे 'कमीत कमी'. आमचा प्रश्न या दोन अर्थांच्या संधीवरचा आहे: निदान करणाऱ्याने रुग्णाला निदान काय सांगावे?

पिंपरी-चिंचवड परिसरात हा प्रश्न विशेष निकडीचा वाटतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. ठरलेले दिवस औषध घ्यावे आणि रोग जावा, ही त्या औषधाने रुजविलेली अपेक्षा. त्यापुढील दोन दशकांत येथील कारखान्यांत रुजू झालेले कामगार आज वृद्ध आहेत. कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्स, हा मुख्यत्वे उतारवयातील आजार. औषधाने तो आटोक्यात राहतो, बरा होत नाही. हे कोणी समजावले नाही, तर गुण नाही म्हणून गोळी सोडली जाते, किंवा सारे संपले असे मानून माणूस घरात बसतो.

सांगण्याजोगे फार नाही. लेव्होडोपाची गोळी ठरल्या वेळी घ्यावी. ती अचानक बंद करू नये. प्रथिनयुक्त जेवणासोबत घेतल्यास तिचा परिणाम उणावू शकतो. व्यायामाचा उपयोग होतो. आणि चेहरा निर्विकार होणे, आवाज क्षीण होणे, खिन्नता येणे हीही आजाराचीच लक्षणे होत. हे शेवटचे वाक्य घरच्यांनी न ऐकल्यास आजारालाच ते तुसडेपणा समजतात.

फार सांगितल्याने रुग्ण घाबरतो, असा आक्षेप घेतला जातो. सारे एकाच भेटीत सांगू नये, हे मान्य. परंतु मौनाची जागा ऐकीव गोष्टी घेतात, आणि त्या अधिक घाबरवितात. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना वेळ नसतो, हेही खरे. म्हणूनच हातात देता येईल असे सुबोध मराठीतील एक पान हवे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे, हेही त्यावर असावे.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाने रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणण्याची रीत स्वीकारली आहे. नाव बदलल्याने रोग बदलत नाही. त्याच्यासोबत जगणाऱ्यांचे परस्परांशी नाते मात्र बदलू शकते. परिभाषेवर वाद घालण्यात आम्ही मराठीचे अध्यापक पुष्कळ वेळ खर्चितो. त्यातला थोडा वेळ काढून, डॉक्टरांसमवेत बसून, हे एक पान लिहिण्यास आपण निदान आरंभ करावा.