पुस्तकातली फिनिश आणि रस्त्यावरची फिनिश

फिनिश भाषेला १५ विभक्त्या आहेत, म्हणून ती अवघड, असे म्हणतात. मराठी माणसाने तरी एवढे भिऊ नये. 'तालो' म्हणजे घर, 'तालोस्सा' घरात, 'तालोस्ता' घरातून. आपल्याप्रमाणेच तिथेही शब्दालाच प्रत्यय लागतो.

खरी अडचण निराळीच आहे. परदेशातून आलेला माणूस वर्गात आधी 'मिनॅ ओलेन', म्हणजे 'मी आहे', असे घोकतो. हेलसिंकीच्या रस्त्यावर ऐकू येते ते 'मॅ ओऽन'! मग शेजाऱ्याशी बोलायचे कसे? कामावर चारचौघांत मिसळायचे कसे?

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. घरची बोली आणि वर्गातली भाषा यांतले अंतर किती बोचते, ते मी जाणतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की बोली पहिल्या दिवसापासूनच शिकवावी. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी पुस्तकी भाषा हवीच. पण माणसांत बसण्यासाठी बोली हवी.

फिनिश स्वतः शतकानुशतके स्वीडिशच्या सावलीत राहिली. १८६३ च्या फर्मानाने तिला कारभारात बरोबरीचा हक्क देऊ केला, तोही वीस वर्षांच्या मुदतीने! उंबऱ्याबाहेर इतकी वर्षे तिष्ठलेल्या भाषेने नव्या पाहुण्याला तरी बाहेर का ठेवावे?