आतिथ्य आणि हिशेब

पुण्याच्या महाविद्यालयांतून इराणी विद्यार्थी अनेक दशके शिकत आले आहेत. अशा सहवासातून क्वचित एखादा विवाह जुळू पाहतो आणि मराठी तरुणावर मुलीच्या आईवडिलांना प्रथमच भेटण्याचा प्रसंग येतो. तेथे त्याची पहिली परीक्षा 'तआरोफ' या शिष्टाचारात होते. चहा, फळे, मिठाई पुढे येते. पाहुण्याने एकदोनदा नको म्हणावे, यजमानाने आग्रह करावा, मग पाहुण्याने घ्यावे, अशी ही रीत आहे. इराणी दुकानदारदेखील किंमत विचारणाऱ्याला आधी 'त्यात काय एवढे!' असे म्हणतो. पैसे मात्र द्यावेच लागतात.

याला ढोंग म्हणण्याची घाई करू नये. ताटावर आडवा हात धरला असताही जिलबी वाढणाऱ्या समाजाला तर तो अधिकार मुळीच नाही. आपली 'मेजवानी' फारसीतूनच आलेली आहे.

मात्र या गोडव्यामागे आईवडिलांचा एक रोखठोक प्रश्न उभा असतो: मुलीच्या भवितव्याची हमी कोणती? इराणी मुस्लिम कुटुंबात तिचे एक उत्तर मेहर हे असते. विवाह होताच पत्नी मेहरची मालक होते, असे इराणचा नागरी कायदा सांगतो. चलन घसरत असल्याने मेहर पुष्कळदा सोन्याच्या नाण्यांत ठरते. या प्रथेतही दोष आहेत. आकडे प्रतिष्ठेपायी फुगले, देणेकरी पती तुरुंगात गेले. अखेर २०१३ साली अमलात आलेल्या कायद्याने ११० नाण्यांपलीकडील वसुलीसाठी तुरुंगाचा धाक काढून घेतला. शिवाय मुस्लिम स्त्रीने मुस्लिमेतराशी केलेला विवाह तेथील कायदा मानत नाही. म्हणजे दिवाणखान्यात आग्रह कितीही प्रेमाचा असला, तरी धर्माचा प्रश्न टळत नाही. तो पहिल्या भेटीपूर्वीच दोघांनी आपसांत बोलून घेणे शहाणपणाचे.

तरीही एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मेहर वराने द्यावयाची असते व ती वधूची होते. आपल्याकडे १९६१ च्या कायद्याने हुंडा निषिद्ध ठरला. पण 'आम्हांला काही नको' असे म्हणत तो घेतला जातोच. नकार द्यायचा आणि मग घ्यायचे, हा शिष्टाचार चहापुरता शोभतो. मुलीच्या बापाच्या आयुष्यभराच्या पुंजीबाबत त्याला दुसरे नाव द्यावे लागेल. इराणी घरातून परतणाऱ्या तरुणाने स्वतःच्या घरी निदान एवढे तरी सांगावे.