ओव्हन नंतर घ्या, आधी फेटायला शिका

मागच्या आठवड्यात अकोल्याहून एका ताईंचा फोन आला. "सर, रेसिपी तुमचीच, प्रमाण तेच, तरी माझी नानखटाई ट्रेमध्ये पसरून चपटी काहून होते? ओव्हन मोठा घेऊ का?"

मी विचारलं, "तूप कसं होतं?" त्या म्हणाल्या, "पातळच. मे महिना आहे ना!"

राजेहो, उत्तर तिथंच सापडलं. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो आणि डब्यातलं तूप तेलासारखं होतं. नानखटाईचा खुसखुशीतपणा येतो तो थिजलेलं तूप आणि पिठीसाखर फेटताना आत कोंडल्या जाणाऱ्या हवेमुळे. बेकिंग पावडर नवीन बुडबुडे तयार करत नाही, असलेलेच फुगवते. पातळ तुपात हवा टिकत नाही, मग फुगणार काय?

ही चूक मीही केली आहे. दुकान नवीन होतं, लग्नाची 20 किलोची ऑर्डर होती आणि घाईत तूप पातळ असतानाच मिश्रण केलं. सगळा माल चपटा निघाला. रात्रभर जागून पुन्हा बनवला. नफा तर गेलाच, वरून घरातले पैसे घातले. बीबीएला कॉस्टिंग शिकलो होतो, पण वाया गेलेला घाणा कॉस्टिंगमध्ये धरायचा असतो हे त्या रात्री कळलं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: "एका दिवसात 50 रेसिपी" अशा क्लासला पैसे घालू नका. 50 रेसिपींपेक्षा मिसळायच्या तीन पद्धती हातात बसवा.

पहिली, फेटणे. नानखटाई, बटर बिस्किट, बटर केक. तूप थिजलेलं, पण बोटानं दाबलं जाईल इतकं मऊ हवं. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवून काढा. पांढरं, हलकं होईस्तोवर फेटा. मैदा घातला की मात्र फक्त गोळा जमवा, मळू नका.

दुसरी, नुसतं एकत्र करणे. आपल्याकडे खूप खपणारा दही-सोड्याचा बिनअंड्याचा केक. कोरडं वेगळं, ओलं वेगळं, मग हलक्या हातानं मिसळा. मैद्याला पाणी लागलं आणि तुम्ही घोटत बसले की ग्लुटेन तयार होतं आणि केक रबरासारखा होतो. दही आणि सोडा भेटताच गॅस सुटायला लागतो, म्हणून ओव्हन आधीच तापलेला हवा.

तिसरी, मळणे. पाव, बन. इथे उलटं आहे. ग्लुटेन हवंच, म्हणून दमानं मळा. जो हात पावाला चांगला, तोच केकचा सत्यानाश करतो.

ज्वारीची बिस्किटं करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे जास्त मळल्यानं ती चिवट होत नाहीत, उलट भुगा होतो. भाकरीचं पीठ आपण गरम पाण्यात भिजवतो ना? त्यानं पिठाला चिकटपणा येतो. तीच युक्ती इथे थोड्या पिठावर करून बघा, किंवा थोडी कणीक मिसळा.

विश्वास बसत नसेल तर घरीच करून बघा. मैदा 250 ग्रॅम, बेसन 50, तूप 150, पिठीसाखर 150. असे तीन घाणे: एक थिजलेल्या तुपाचा नीट फेटलेला, एक पातळ तुपाचा, एक मैदा घातल्यावर पाच मिनिटं मळलेला. सामान एकच, ओव्हन एकच. तरी तिन्ही वेगळे निघतील आणि गिऱ्हाईक पुन्हा कोणत्यासाठी येईल हे तुमची जीभच सांगेल.

मोठा ओव्हन वाईट नाही. पण हात बसला नसताना कर्ज काढून घेतला, तर तो फक्त चुका मोठ्या प्रमाणात भाजतो. आधी एकच माल सलग दहा वेळा सारखा काढून दाखवा. मग बँकेत जा.

तिन्ही घाण्यांचा फरक कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या व्हिडिओत!